मोटारीवर ठेवलेला हात

मोटार जळाल्याचा वास मला लांबून ओळखू येतो. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये ३१ वर्षं मोटारी रिवाइंड केल्या, म्हणजे आतलं जळालेलं तांब्याच्या तारेचं वाइंडिंग काढून नवं भरलं. पंपाच्या, लेथच्या, पिठाच्या गिरणीच्या, लिफ्टच्या. तांब्यावरचं व्हार्निश तापलं की आधी गोडसर आणि मग घशाला झोंबणारा एक वास सुटतो. तो आला की हातातलं काम टाकून मी ओरडायचो, "बंद कर, आधी बंद कर!" आणि पोरगं धावत जाऊन स्विच खाली ओढायचं. तोच वास मागच्या मे महिन्यात मला ठाण्याजवळ येऊरच्या डोंगररस्त्याच्या तिसऱ्या वळणावर आला. सकाळचे साडेसहा वाजले होते, दोन्ही अंगाला पानं झडलेले साग उभे होते आणि वास मी बसलो होतो त्या बॅटरीवरच्या सायकलच्या मागच्या चाकातल्या मोटारीतून येत होता.

सायकल माझी नव्हती. आमच्या सावरकरनगरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या एका मुलाची. तो ती रोज ठाणे स्टेशनपर्यंत नेतो आणि त्या कामाला ती चोख आहे. "काका, विकत घ्यायच्या आधी माझी एकदा चालवून बघा," असं तोच म्हणाला होता. उपवन तलावापासून वनखात्याच्या नाक्यापर्यंत ती सुरेख आली. नाका ओलांडून खरा चढ लागला तसा वेग पंधरावरून दहावर आला, दहावरून सहावर, आणि चाकातला बारीक सूर जाडा होत गेला.

उतरलो. आमच्या धंद्यात थर्मामीटर नंतर, तळहात आधी. मोटारीच्या अंगावर हात ठेवायचा आणि सावकाश दहा आकडे मोजायचे. दहापर्यंत हात राहिला तर मोटार ठीक आहे. पाचाला उचलावा लागला तर लोड तपासा. त्या सकाळी मला दोनपर्यंतही मोजता आलं नाही. सायकल कडेला लावली, अर्धा तास सावलीत बसलो आणि उरलेला चढ सोडून देऊन, मोटार बंद ठेवून खाली आलो.

सायकल मला येऊरसाठी नको होती. येऊर माझी चाचणीची जागा. सायकल हवी होती गावासाठी. आमचं गाव मुरबाड तालुक्यात, धसईच्या पुढं. डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून गाजलं, तेच धसई. ठाण्याहून कल्याण, शहाड, रायत्याच्या पुलावरून उल्हास नदी ओलांडून मुरबाड, आणि तिथून आत. गावात थोरले दादा आणि वहिनी असतात. गाव सपाटीवर आहे, पण वाड्या आहेत त्या डोंगराच्या सोंडांवर चढलेल्या. तिथल्या विहिरींवर पंप आहेत आणि उन्हाळ्यात व्होल्टेज पडलं की ते पंप जळतात. २३० च्या जागी १७० व्होल्ट आले की मोटार तेवढंच पाणी ओढायला जास्त करंट खेचते, तापते आणि वाइंडिंग जातं. एक पंप ठाण्याला किंवा कल्याणला आणून भरून न्यायचा म्हणजे शेतकऱ्याचा आठवडा जातो, आणि भाजीचं रोप आठवडा थांबत नाही. वर्कशॉप आता पुतण्या सांभाळतो. मी ठरवलं की महिन्यातले दहा-बारा दिवस गावी राहायचं, वाड्यांवर जायचं, जे जागेवर सुधारता येईल ते जागेवर सुधारायचं आणि जे जळणार आहे ते जळायच्या आधी ओळखायचं.

दादांकडे मोटारसायकल आहे. ती मी सहज वापरू शकलो असतो. पण दोन वर्षांपूर्वी उजव्या गुडघ्यानं त्रास द्यायला सुरुवात केली आणि डॉक्टरांनी एक वाक्य सांगितलं, ते माझ्या मनात बसलं: गुडघा चालता ठेवा, पण त्याच्यावर दाब टाकू नका. मी जन्मभर सायकलवाला माणूस. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली सुरू झालं, त्याच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींतली एक म्हणजे वागळे. १९९४ मध्ये मी तिथं लागलो तेव्हा सकाळच्या पाळीला किसननगरच्या बाजूनं सायकलींची रांग लागायची. कंपन्या एकेक करून गेल्या, त्या जागी काचेच्या इमारती आल्या आणि सायकली दिसेनाशा झाल्या. माझी मात्र राहिली. तिच्यावर बसून गुडघा फिरवताना दुखत नाही. चढावर उभं राहून पायडल दाबलं की दुखतं. सपाटीवर तीस किलोमीटर जाणारा माणूस शंभर मीटरच्या चढापुढं उतरून चालायला लागतो, हे मला नको होतं.

येऊरहून आल्यावर पुढच्या रविवारी त्या मुलाच्या परवानगीनं मी त्याच्या सायकलचं मागचं चाक खोललं. आत बघितल्याशिवाय मला चैन पडलं नसतं. हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या डब्याच्या, आत मोटार छोटी असते, साधारण आमटीच्या वाटीएवढी, आणि तिचा वेग कमी करायला भोवती तीन पांढरे नायलॉनचे गिअर. ग्रीस पातळ होऊन एका बाजूला ओघळलं होतं. तीनपैकी एका गिअरचे दात मऊ पडून एका अंगाला कलले होते. वाइंडिंग अजून जिवंत होतं, पण व्हार्निशचा रंग मधासारखा राहिला नव्हता, काळपट झाला होता. अशा मोटारीतली लोहचुंबकं साधारण प्रतीची असतील तर ८० अंशांच्या पुढं कायमची कमजोर व्हायला लागतात. मी नवे गिअर बसवले, ग्रीस भरलं आणि त्याला सांगितलं की स्टेशनला जा, घोडबंदर रोडला जा, येऊरला नेऊ नकोस. दोष सायकलचा नव्हता. तिच्यावर तिचं नसलेलं काम मी लादलं होतं.

त्या दुपारी खोललेलं चाक समोर ठेवून मी कागदावर आकडे मांडत बसलो.

मोटार फिरते तेव्हा ती स्वतःच विजेचा एक उलटा दाब तयार करते, आम्ही त्याला बॅक ईएमएफ म्हणतो. वेग जितका जास्त तितका हा दाब जास्त, आणि तोच करंटला आवर घालतो. हबमधली मोटार चाकाला बांधलेली. चाक ताशी २५ किलोमीटरनं फिरेल अशा बेतानं तिचं वाइंडिंग केलेलं असतं. चढावर चाक सहावर आलं की मोटारही एक चतुर्थांश वेगावर येते, तो दाब पडतो आणि बॅटरीतून आलेली ताकद फिरवण्याऐवजी तांबं तापवण्यात जाते. करंट दुप्पट झाला की तांब्यातली उष्णता चौपट. म्हणून मोटार वेगानं पळवल्यानं सहसा जळत नाही, मोठं ओझं देऊन सावकाश फिरवल्यानं जळते. हे मी हजारो मोटारींत बघितलंय. पंपात गाळ अडकला, गिरणीचा पट्टा जास्त ताणला, बेअरिंग धरलं, की मोटार हळू होते आणि जाते.

मग मी सायकलचे दात मोजले. पुढच्या चक्राला ४४, मागच्या सर्वांत मोठ्या चक्राला २८. चाकाचा घेर साधारण २.२ मीटर. म्हणजे पायडलच्या एका फेरीत सायकल जवळपास साडेतीन मीटर जाणार. ताशी सात किलोमीटरनं चढायचं तर पाय मिनिटाला ३४ फेऱ्या मारणार. सपाटीवर मी न दमता साठ-पासष्ट फेऱ्या मारतो. त्या सायकलवर चढाला माझा पाय निम्म्या वेगानं आणि दुप्पट जोरानं फिरत होता.

हे लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. माझ्या गुडघ्याचं दुखणं आणि त्या मोटारीचं दुखणं एकच होतं. दोघांनाही ओझ्याखाली सावकाश फिरायला लावलं होतं. दोघांनाही हवं होतं ते हेच की चाक हळू चालू दे, पण मला माझ्या वेगानं फिरू दे. सायकल कुठली घ्यायची याचं उत्तर तिथंच मिळालं. पुढचे चार महिने दुकानं हिंडलो ते त्या उत्तराला पैशाची आणि बाजाराची गाठ घालण्यासाठी.

दुकानात पहिला प्रश्न गिऱ्हाईक विचारतो, एका चार्जमध्ये किती जाते? आणि उत्तर येतं, साठ, सत्तर, ऐंशी किलोमीटर. या आकड्याचा डोंगराळ मुलखात उपयोग नाही. तो सपाट रस्त्यावरचा, हलक्या माणसाचा, कमीत कमी मदतीचा आकडा असतो. बॅटरीवर व्होल्ट आणि अँपिअर-अवर छापलेले असतात, त्यांचा गुणाकार करावा. ३६ व्होल्ट आणि १०.४ अँपिअर-अवर म्हणजे ३७४ वॉट-अवर. ही बॅटरीतली खरी शिदोरी. आता माझं वजन ७४ किलो, सायकल २४, अवजारांची पिशवी आणि पाणी ६. एकूण १०४. एवढं वजन १०० मीटर उंच चढवायला साधारण २८ वॉट-अवर लागतात. हे भौतिकशास्त्र आहे, कुठल्याही कंपनीच्या सायकलला ते चुकत नाही. मोटार, चेन आणि तारांमध्ये जाणारा वाटा धरला तर बॅटरीतून ३८ ते ४० जातात. त्यातला निम्मा भार पायांनी उचलला तर वीस. त्यामुळं माझा प्रश्न बदलला. किती किलोमीटर जाते हे विचारणं मी सोडलं आणि किती मीटर चढते हे घरीच काढायला लागलो.

माझ्या दिवसाचा अंदाज असा निघाला: चाळीस किलोमीटर, सगळे चढ मिळून पाचशे मीटर. चढाला शंभर वॉट-अवर, बाकी रस्त्याला किलोमीटरमागं सहाच्या हिशेबानं दोनशे चाळीस. एकूण तीनशे चाळीस. बॅटरी अगदी तळापर्यंत उतरवू नये आणि काही वर्षांनी तिची धारणाशक्ती कमी होतेच, म्हणून पाचशेच्या आसपासची हवी. याहून मोठी घेतली तर तिचंच वजन चढवत बसावं लागणार.

एका दुकानात मला सांगितलं, "सर, अडीचशे वॉटची मोटार आहे, पण आपण ती अनलॉक करून देतो, चाळीसनं पळेल." मी नको म्हटलं. आपल्याकडे मोटारीची अर्ध्या तासाची शक्ती २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर सायकलला नोंदणी लागत नाही, लायसन्स लागत नाही. ती रेषा ओलांडली की ती कायद्यानं मोटारसायकल होते, आणि अपघात झाला तर समोरच्या माणसाला आपण काय तोंड दाखवणार? शिवाय त्या नियमातला अर्धा तास हा शब्द फार कमी लोक वाचतात. २५० हा आकडा मोटार न तापता सतत देऊ शकते त्या शक्तीचा आहे. क्षणभर ती जास्त देते, सगळ्याच मोटारी देतात. चढ क्षणभराचा नसतो, म्हणून तिथं सतत मिळणारी शक्तीच कामाची.

आणि चढाला फार शक्ती लागतच नाही, सावकाश जायची तयारी असेल तर. आठ टक्क्यांचा चढ, म्हणजे शंभर मीटर रस्त्याला आठ मीटर उंची, हा चांगलाच चढ झाला. माझं १०४ किलोचं ओझं तिथं ताशी बारानं न्यायचं तर चाकावर तीनशे वॉटच्या वर लागतात. सातनं न्यायचं तर १८० पुरतात. त्यातले ऐंशी-नव्वद माझे पाय बराच वेळ देऊ शकतात. उरले शंभर. शंभर वॉट म्हणजे घरातल्या छताच्या जुन्या पंख्याला लागते त्याहून थोडी जास्त वीज. एवढ्या मदतीवर डोंगर चढता येतो, फक्त ती मदत सात किलोमीटरच्या वेगाला न जळता देणारी सायकल हवी.

अशी सायकल म्हणजे जिची मोटार चाकात नसून पायडलच्या आसापाशी असते, तिला मिड-ड्राइव्ह म्हणतात. मोटार आणि पाय दोघं मिळून पुढचं चक्र फिरवतात आणि पुढचं काम चेन आणि मागचे गिअर करतात. पुढं ३४ दात आणि मागं ४२ दात असतील तर पायडलच्या एका फेरीत सायकल पावणेदोन मीटरच्या थोडी पुढं सरकते. ताशी सातला पाय मिनिटाला ६५ फेऱ्या मारतो, आणि पाय त्याच्या वेगात असला की मोटारही तिच्या वेगात. ही कल्पना नवी नाही. अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन यांनी १८९५ मध्ये मागच्या चाकात मोटार असलेल्या सायकलचं पेटंट घेतलं, आणि जपानमध्ये यामाहानं १९९३ मध्ये पायाच्या जोराला मदत करणारी सायकल बाजारात आणली, तिची मोटार पायडलपाशी होती. दोन्ही वाटा जुन्या आहेत. सपाटीला पहिली पुरते, डोंगराला दुसरी लागते.

अडचण पैशाची. मला हवी तशी सायकल हबवाल्या सायकलच्या दुपटीहून महाग होती. आपल्याकडच्या दुकानांत मिड-ड्राइव्ह मोजक्याच दिसतात, आणि बिघडली तर कोण दुरुस्त करणार हा प्रश्न बरोबरच आहे. माझ्यापुरतं त्याचं उत्तर माझ्या हातात होतं, पण ज्याला स्वतः खोलता येत नाही त्यानं सुटे भाग कुठं मिळतात ते विचारल्याशिवाय घेऊ नये. चेनही लवकर झिजते, कारण दोघांचा जोर तिच्यावर येतो. चढावर गिअर बदलताना क्षणभर पाय हलका करावा लागतो, नाहीतर चेन कडकडते. बायकोला मी हे सगळं सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "अहो, स्कूटर वर्षातनं किती वेळा बाहेर काढता?" ती विकली. कमी पडत होते तेवढे पैसे साठवले. जास्त चर्चा झाली नाही.

मोटारीइतकंच महत्त्वाचं काय असेल तर पायाचा जोर ओळखणारा सेन्सर. स्वस्त सायकलीत पायडल फिरतंय की नाही एवढंच कळतं. अर्धी फेरी झाली की मोटार एकदम ढकलते आणि थांबवलं तरी क्षणभर ढकलत राहते. सपाटीवर चालून जातं. चढावर, मुरमाच्या रस्त्यावर, सुरुवातीलाच असा धक्का बसला की मागचं चाक जागच्या जागी फिरतं आणि सायकल आडवी. दुसऱ्या प्रकारात पायानं किती जोर लावला ते मोजलं जातं आणि मोटार त्या प्रमाणात मदत करते. पहिल्यांदा चालवली तेव्हा मोटार आहे असं वाटलंच नाही. वीस वर्षांपूर्वीचे माझे पाय परत आल्यासारखं वाटलं. दुकानाबाहेरच्या फ्लायओव्हरच्या चढावर मी चार फेऱ्या मारल्या आणि मालकाला सांगितलं, हीच.

ब्रेकबद्दल बोलायला हवं, कारण दुकानात चढाबद्दल सगळे बोलतात आणि उताराबद्दल कुणी बोलत नाही. शंभर मीटर चढवलेलं ओझं खाली येताना तीच सगळी ऊर्जा परत देतं. हवेत आणि टायरात जाते ती वजा करता बाकीची ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते. हिशेब केला तर शंभर मीटरची ही ऊर्जा एक लिटर पाणी २४ अंशांनी तापवण्याएवढी भरते, आणि तिच्यातला मोठा वाटा झेलायला असते दीड-दोन मिलिमीटर जाडीची पोलादी तबकडी. ई-सायकल साध्या सायकलहून आठ-दहा किलो जड, त्यामुळं भर आणखी. तारेचे डिस्क ब्रेक लांब उतारावर बोटं दुखवतात आणि पॅड झिजले की तार पुन्हा पुन्हा ताणावी लागते. तेलाचे ब्रेक एका बोटानं लागतात. मी तेलाचेच घेतले आणि तबकड्या मोठ्या बसवून घेतल्या. उतारावर बॅटरी परत चार्ज होते असं सांगणारे भेटतात. मिड-ड्राइव्हमध्ये तसं होत नाही, गिअरवाल्या हबमध्येही नाही, कारण पाय थांबले की मोटार चाकापासून सुटी होते. उतार हा ब्रेकनंच सांभाळायचा.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. टायर सव्वादोन इंच रुंद, हवा थोडी कमी ठेवलेली, म्हणजे मुरमावर पकड राहते. पुढचं सस्पेन्शन चढावर बंद करता यावं, नाहीतर पायाचा जोर स्प्रिंग दाबण्यात जातो. चालत ढकलताना सायकल स्वतः माणसाच्या चालीनं पुढं सरकेल अशी सोय असावी. चोवीस किलो हातानं वर ढकलताना तिची किंमत कळते. आणि बॅटरी काढता यायलाच हवी. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, आम्ही तिसऱ्या मजल्यावर. सायकल खाली, बॅटरी वर. ती मी बाहेरच्या खोलीत फरशीवर, माझ्या नजरेसमोर चार्ज करतो. झोपताना लावून ठेवत नाही, दाराच्या वाटेवर ठेवत नाही, आणि उन्हातून आल्यावर तासभर निवल्याशिवाय चार्जरला जोडत नाही. लिथियमची बॅटरी पेटली तर बाहेर पडायची वाट मोकळी हवी, हे मी सोसायटीच्या सभेत उभं राहून सांगितलं. आधी माझ्या बॅटरीला ज्यांचा विरोध होता त्यांनीच मग जिन्याखाली चार्जिंग करू द्यायचं नाही असा नियम सुचवला. मला तो पटला.

गावच्या विजेची मला काळजी होती. चार्जरच्या मागच्या पट्टीवर इनपुट १०० ते २४० व्होल्ट असं लिहिलेलं असेल तर १७० व्होल्टवरही तो मुकाट्यानं काम करतो. पंपाला जे मारतं ते याला काही करत नाही. पाचशे वॉट-अवरची बॅटरी पूर्ण भरायला नुकसान धरून साधारण ०.६ युनिट लागतं. वहिनींना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "भावोजी, मग सांगताय कशाला, लावा की."

पावसाळा सरेपर्यंत सायकल ठाण्यातच ठेवली. पाण्याला ती घाबरत नाही, पण तांबडा चिखल चेनमध्ये बसला की सहाणेसारखं काम करतो, आणि जोडांमध्ये ओल राहिली की पितळेवर हिरवा थर चढतो. प्रत्येक जोड सोडवून आत ग्रीसचं बोट फिरवलं. पाइपाच्या जोरदार धारेनं कधी धुतली नाही, ओल्या फडक्यानं पुसली. चार महिने रोज सकाळी येऊर. त्या तिसऱ्या वळणावर दर वेळी उतरायचो, मोटारीवर हात ठेवायचो, दहा मोजायचो.

जानेवारीत चुलतभावाच्या भाजीच्या रिकाम्या टेम्पोतून सायकल गावी नेली. दुसऱ्या दिवशी सकाळी एका वाडीवरून निरोप आला, पंप घुमतोय पण पाणी नाही. पिशवीत तारेभोवती धरून करंट मोजायचा टाँग टेस्टर, बेअरिंग काढायचा पुलर, दोन कपॅसिटर, पाने. दादा ओट्यावर उभे राहून म्हणाले, "वरचा रस्ता बघितलास का आता? मोटारसायकल पहिल्यात न्यावी लागते." मी म्हटलं, "मी पण पहिल्यातच नेणार आहे, दादा."

गावाबाहेर पडलं की समोर सह्याद्रीची भिंत उभी राहते. डावीकडं लांबवर नाणेघाटाचं खिंडार दिसतं. दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळात कल्याणच्या बंदरातून जुन्नरकडं जाणारा माल त्या वाटेनं चढायचा, बैलांच्या पाठीवर. वर लेण्यात राणी नागनिकेचा शिलालेख आहे आणि जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण. लहानपणी शाळेच्या सहलीला तिथं गेलो तेव्हा गुरुजींनी रांजण दाखवला होता आणि मी विचारलं होतं, बैल एवढं कसं चढले? गुरुजी म्हणाले होते, थांबत थांबत. आता त्या खिंडाराकडं बघताना मला बैलांच्या खुरांची चाल आठवते. ओझं असलेलं जनावर चढावर पाऊल लहान टाकतं, पण पाऊल टाकायचं थांबवत नाही.

ओढा ओलांडला आणि चढ सुरू झाला. मागचं सर्वांत मोठं चक्र लावलं, मोटारीची मदत मधल्या पायरीवर ठेवली. वेग सात. पाय हलके फिरत होते, गुडघ्यात काही नव्हतं. सातच्या वेगाला पोटरीतला घाम वाऱ्यानं सुकतो आणि कुठल्या झाडावर तांबट बोलतोय ते मान वळवून शोधता येतं. उजव्या अंगाला भाताची खाचरं कापून मोकळी झालेली, मधे वालाचे हिरवे तुकडे. एका पोरानं धावत येऊन माझ्याबरोबर शर्यत लावली, तो पुढं गेला, थांबला, मी गाठला, पुन्हा पुढं गेला. शेवटचा तुकडा फारच उभा होता, तिथं वेग पाचावर आला. पाय तरीही फिरत राहिले.

वाडीत शिरलो तर विहिरीपाशी पंपाची मालकीण, सत्तरीच्या पुढची आजी, कंबरेवर हात ठेवून उभी होती. तिनं सायकल वरपासून खालपर्यंत पाहिली.

"नाना, पेट्रोल नाय घालत हिला?"

"नाही आजी. बॅटरी आहे. आणि हे पाय."

मी सायकल चिंचेला टेकवली, खाली वाकलो आणि मोटारीवर तळहात ठेवला. एक, दोन, तीन. आजी जवळ आली. सात, आठ. दहा झाले, वीस झाले. हात तसाच होता.

"काय बघताव?"

"तापलीय का बघतोय."

तिनं पदराला हात पुसला, माझ्या हाताशेजारी मोटारीवर ठेवला आणि थोडा वेळ काहीच बोलली नाही.

"वासराच्या अंगावानी लागतंय," ती म्हणाली.

मग मी पिशवी उघडली, टाँग टेस्टर काढला आणि तिच्या मागोमाग विहिरीकडं गेलो.